अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातला घटस्फोट आणि त्याची नक्कल : या चुका टाळा

माझ्या घटस्फोटाच्या प्रतीची पिन मीच काढली. सव्वीस पानं होती, स्कॅनरमध्ये नीट सरकत नव्हती. नखाने स्टेपल उचकटली, पानं स्कॅन केली आणि पुन्हा नवी पिन मारून ठेवली. पुढे अपोस्टीलसाठी, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी प्रमाणपत्रासाठी, तोच गठ्ठा घेऊन गेले, तर खिडकीमागच्या बाईंनी शिक्का बघायच्या आधी डावा कोपरा बघितला. चार भोकं. "मधलं पान बदललेलं नाही कशावरून?" त्यांचं बरोबरच होतं. शिक्का, क्लार्कची सही, तारीख आणि ती पिन हे सगळं मिळून प्रमाणित प्रत होते. पिन सुटली की हातात नुसती पानं उरतात. मला पुन्हा कोर्टात जाऊन नवीन प्रत काढावी लागली. आपल्याकडे कागद हातात आला की पहिलं काम झेरॉक्स, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते. झेरॉक्सऐवजी मोबाइलने फोटो काढा.

मी वकील नाही. सॅन होजेला राहते, स्वतःच्या प्रकरणात शिकले, आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरच्या फॅमिली कोर्टाच्या रांगेत उभी राहिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. अर्ज टाकताना झालेली चूक त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. ती दिसते चार-पाच वर्षांनी, पुण्यात किंवा नाशकात दुसऱ्या लग्नाची नोंदणी करताना, पासपोर्टवरचं नवऱ्याचं नाव काढताना किंवा फ्लॅटच्या व्यवहारात. म्हणून शेवटच्या कागदापासून सुरुवात करून उलटं मागे जाऊ या. उदाहरणं मुख्यतः कॅलिफोर्नियाची आहेत. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, हे विसरू नका.

कागद कोणता आणि खिडकी कोणती

"माझ्याकडे डिक्री आहे" असं सांगणाऱ्या दहातल्या तिघांकडे तरी डिक्री नसते. त्यांच्याकडे असतो कॅलिफोर्नियाच्या कोर्टाचा एफएल-१९० हा फॉर्म, म्हणजे निकालाची नोंद झाल्याची सूचना. तो पोस्टाने घरी येतो, त्यावर कोर्टाचं नाव असतं, तारीख असते, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. खरा हुकूमनामा, म्हणजेच डिक्री, एफएल-१८० वर असतो, आणि वैवाहिक दर्जा कोणत्या तारखेला संपला ते त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. त्यामागे समझोत्याची पानं जोडलेली असतात. मागायची ती याची प्रमाणित प्रत. कोर्टाच्या संकेतस्थळावरून छापून घेतलेलं पान, वकिलाने ईमेलने पाठवलेली पीडीएफ, प्रकरणाच्या नोंदवहीचा उतारा, हे सगळं माहितीपुरतं ठीक. भारतातल्या कुठल्याही टेबलावर ते चालत नाही.

ही प्रत मिळते ज्या काउंटीत प्रकरण दाखल झालं तिथल्याच कोर्टात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. लग्न कुठे झालं किंवा तुम्ही आज कुठे राहता, याचा इथे संबंध नाही. काही जण राज्याच्या आरोग्य खात्याला लिहितात, कारण जन्माचे दाखले तिथून मिळतात. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे घटस्फोटाच्या नोंदी आहेत त्या फक्त १९६२ ते जून १९८४ पर्यंतच्या, आणि त्यावरून मिळतो तो नुसता नोंदीचा दाखला. त्यात दोघांची नावं, काउंटी, दाखल झाल्याची तारीख आणि प्रकरण क्रमांक असतो. हुकूमनामा नसतो. त्या दाखल्याचा खरा उपयोग एवढाच की आई-वडिलांच्या पिढीतलं जुनं प्रकरण नक्की कुठल्या काउंटीत आहे ते कळतं.

टेक्सासची गंमत वेगळी आहे. तिथे लग्नाचा परवाना काउंटी क्लार्क देतो, म्हणून माणसं घटस्फोटाची प्रत मागायलाही तिथेच जातात. पण घटस्फोटाची कागदपत्रं असतात डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. बऱ्याचदा दोन्ही कचेऱ्या एकाच गावात, जवळजवळच असतात, तरी एकीचा कागद दुसरीत मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये तर नावांनीच घोळ घातलाय. तिथे फॅमिली कोर्टाला घटस्फोट देण्याचा अधिकारच नाही. तो देतं सुप्रीम कोर्ट, जे नावाने सर्वोच्च असलं तरी प्रत्यक्षात काउंटीच्या पातळीवरचं कोर्ट आहे, आणि कागद सांभाळतो काउंटी क्लार्क. शिवाय तिथली वैवाहिक प्रकरणांची कागदपत्रं शंभर वर्षं बंद असतात. नवरा, बायको आणि त्यांचे वकील सोडून इतरांना ती मिळत नाहीत. न्यूयॉर्कच्या प्रकरणाची प्रत काढायला भावाला किंवा मित्राला पाठवायचं असेल, तर आधी लेखी, नोटरी केलेलं अधिकारपत्र करून द्या.

प्रकरण क्रमांक माहीत असेल तर काम पटकन होतं. नसेल तर दोघांची त्या वेळची नावं आणि साधारण साल घेऊन जा. जुनी प्रकरणं कोर्टाबाहेरच्या गोदामात असतात, मागवायला दिवस लागतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे काम उरका. आणि "घटस्फोटाच्या नोंदी दोन मिनिटांत" म्हणणाऱ्या खाजगी साइटना पैसे देऊ नका. त्या कोर्टाची प्रमाणित प्रत देऊच शकत नाहीत.

अपोस्टील त्याच राज्याचं लागतं ज्या राज्यातल्या कोर्टाचा कागद आहे. सांता क्लारा काउंटीचा हुकूमनामा घेऊन कुणी न्यू जर्सीला राहायला गेलं, तरी अपोस्टील कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचंच (म्हणजे राज्य सरकारच्या त्या कचेरीचं), दर कागदाला २० डॉलर. भारत अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली आला, तेव्हापासून कार्यालयीन कामांसाठी साधारणपणे हेच मागतात. कागद भारतातल्या खटल्यात पुरावा म्हणून लावायचा असेल, तर मात्र तिथल्या वकिलाला आधी विचारा. त्याचं कारण पुढे येतंय. एकाच वेळी दोन प्रमाणित प्रती काढा. एक कुठल्या तरी फाइलीत कायमची जाते, हे गृहीत धरा.

"सहा महिने झाले की आपोआप होतो ना?"

नाही. हा कॅलिफोर्नियातला सगळ्यात महागडा गैरसमज. जोडीदाराला कागद बजावल्यापासून, किंवा तो स्वतः प्रकरणात हजर झाल्यापासून, किमान सहा महिने जावे लागतात, हे खरं. पण सहा महिने जाऊन आपोआप काहीच होत नाही. आर्थिक माहिती एकमेकांना दिल्याची नोंद, समझोता किंवा एकतर्फी निकालाची विनंती, शेवटचे फॉर्म, हे सगळं तुम्ही भरून दिलं आणि न्यायाधीशाची सही झाली, तरच हुकूमनामा निघतो. नाहीतर प्रकरण तसंच पडून राहतं आणि पुढे पाठपुरावा नाही म्हणून निकालीही निघू शकतं.

ओळखीतल्या एका मुलाने अर्ज टाकला, बायकोने सही केली, दोघंही सुटल्यासारखी वागू लागली. तीन वर्षांनी त्याचं दुसरं लग्न ठरलं, हॉल बुक झाला, आणि प्रत काढायला गेला तेव्हा क्लार्कने शांतपणे सांगितलं की या प्रकरणात निकालच नाही. कायद्याने तो अजून विवाहित होता. सुदैवाने पत्रिका छापायच्या आधी कळलं. दर दोन-तीन महिन्यांनी कोर्टाच्या संकेतस्थळावर आपल्या प्रकरणाची नोंदवही उघडून बघा. "निकाल" ही नोंद दिसेपर्यंत काहीही गृहीत धरू नका.

एच-४, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असाल, तर ही तारीख आणखी नाजूक. अर्ज टाकल्याने व्हिसाचा दर्जा जात नाही, घटस्फोट अंतिम झाला की जातो. वैवाहिक दर्जा संपण्याची तारीख ठरवताना इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नात्यावर मिळालेलं ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल तर तेही घटस्फोटानंतर रद्द होऊ शकतं.

मधलं नाव

इथल्या फॉर्मवर मधल्या नावाला फारसं महत्त्व नसतं, एखादं अक्षर लिहून भागतं. आपल्या बायकांच्या बाबतीत मात्र सगळी कथा त्या मधल्या नावातच असते. लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. अर्जात आणि हुकूमनाम्यातही पूर्वीचं नाव परत घेण्यासाठी एक चौकट असते. तिथे बहुतेक जणी फक्त माहेरचं आडनाव लिहितात. मग हुकूमनाम्यात आडनाव माहेरचं आणि मधे नवऱ्याचं नाव, किंवा मधलं नाव गायबच, अशी तिसरीच बाई तयार होते. पासपोर्टच्या खिडकीवर ही बाई कोण हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

त्या चौकटीत जुन्या पासपोर्टवर होतं तसंच पूर्ण नाव लिहा. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, आणि इंग्रजी स्पेलिंगही अक्षर न अक्षर तेच. व्ही की डब्ल्यू, एक ए की दोन, हे त्याच वेळी ताडून बघा. चौकट भरायची राहून गेली असेल तर घाबरू नका. निकालानंतरही एफएल-३९५ नावाचा छोटा अर्ज करून नाव परत घेता येतं. हुकूमनाम्यात छापलेल्या नावाचं स्पेलिंगच चुकलं असेल तर मात्र क्लार्क ते पेनाने दुरुस्त करून देणार नाही. न्यायाधीशाकडून दुरुस्तीचा आदेश घ्यावा लागतो. प्रत हातात पडली की पार्किंगमध्ये पोचायच्या आधी नावं वाचा.

समन्स कुरिअरने पाठवू नका

कागद आपल्या हाताने जोडीदाराला द्यायचे नाहीत. अठरा वर्षांवरचा, प्रकरणात नसलेला कुणीही देऊ शकतो. मित्र चालतो, शेरीफ (काउंटीचा पोलीस अधिकारी) चालतो. देणाऱ्याने नंतर एफएल-११५ भरून सही करायची. नवऱ्याने स्वतः डायनिंग टेबलावर ठेवलेलं समन्स कोर्टाच्या लेखी बजावलेलंच नसतं. मग सहा महिन्यांचं घड्याळही सुरू होत नाही.

जोडीदार भारतात असेल तर खरी मेख आहे. परदेशात समन्स बजावण्याच्या हेग करारात भारत आहे, आणि भारताने पोस्टाने बजावणी करायला हरकत घेतलेली आहे. म्हणजे कोथरूडच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्ट, कुरिअर, ईमेल, व्हॉट्सॲप, यांपैकी काहीच भरवशाचं नाही. रीतसर मार्ग दिल्लीतल्या कायदा मंत्रालयामार्फत जातो. त्याला महिनोन्‌महिने लागतात. लोक कंटाळून कुरिअरची पावती लावतात, कधी कधी इथे निकालही मिळतो, आणि तोच निकाल पुढे बजावणीच्या मुद्द्यावर कोसळतो. जोडीदार खरोखर राजी असेल तर त्याने स्वतः एफएल-१२० उत्तर किंवा एफएल-१३० हजेरीचा फॉर्म दाखल करणं सगळ्यात स्वच्छ. मग बजावणीचा प्रश्नच उरत नाही.

आणि हे वाचणारी तुम्ही भारतातली ती व्यक्ती असाल, जिच्या हातात असं पाकीट आलंय, तर दोन टोकाच्या चुका टाळा. पाकीट कपाटात टाकून देऊ नका. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, गप्प राहिलात तर तिकडे एकतर्फी निकाल लागू शकतो. पण घाईघाईने सगळ्या मुद्द्यांवर उत्तरही पाठवू नका. तसं केल्याने तुम्ही त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला, असा अर्थ निघू शकतो. आधी वकिलाला विचारा. अधिकारालाच हरकत घ्यायची असेल तर त्याची रीत वेगळी आहे.

सेंट लुईस काउंटीतला निकाल

भारतात हा निकाल टिकेल का, या प्रश्नाला वकील लोक अजूनही १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या नरसिंह राव निकालाने उत्तर देतात. गंमत म्हणजे त्या प्रकरणातला घटस्फोटही काउंटीच्याच कोर्टातला होता. १९७५ मध्ये तिरुपतीला लग्न झालं. पुढे नवऱ्याने मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टात, तिथे ९० दिवस राहिल्याच्या आधारावर, अर्ज केला. बायकोने भारतातून निषेध नोंदवत उत्तर पाठवलं. १९८० मध्ये घटस्फोट मंजूर झाला, कारण दिलं ते विवाह सावरण्यापलीकडे मोडल्याचं. १९८१ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं, आणि पहिल्या पत्नीने द्विभार्येची फिर्याद केली.

सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. मिसुरीचं वास्तव्य फक्त अट पुरी करण्यापुरतं होतं, आणि जे कारण दिलं ते हिंदू विवाह कायद्यात नव्हतंच. शिवाय पुराव्याचा मुद्दा. नवऱ्याने दाखल केलेली प्रत मिसुरीच्या डेप्युटी क्लार्कने प्रमाणित केलेली होती, म्हणजे आपण वर ज्या प्रतीसाठी खेटे घालतोय तशीच. तरी ती पुरेशी ठरली नाही, कारण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणपत्र तिच्यावर नव्हतं. अपोस्टील करारात भारत यायच्या आधीची ही गोष्ट. तरी खटल्यात कागद लावण्याआधी वकिलाला विचारा म्हटलं ते यासाठी.

याच निकालाने काही वाटा मोकळ्याही ठेवल्या. भारतात लग्न झालेल्या हिंदू जोडप्यासाठी परदेशी निकाल मानला जातो तो साधारण तीन परिस्थितींत. समोरची व्यक्ती तिथे कायमची राहते आणि कारण भारतीय कायद्यात बसतं. किंवा ती स्वखुशीने तिथे हजर झाली आणि भारतीय कायद्यात बसणाऱ्या कारणावर लढली. किंवा तिने घटस्फोटाला संमती दिली. कॅलिफोर्नियात घटस्फोट जवळजवळ नेहमी "न मिटणारे मतभेद" या कारणावर होतो. तिथे १९७० पासून दोष सिद्ध करावाच लागत नाही. म्हणून आपल्यासाठी सगळ्यात भक्कम वाट उरते ती संमतीची, आणि ती संमती कागदावर दिसली पाहिजे. दोघांच्या सह्यांचा, नोटरी केलेला समझोता हुकूमनाम्याला जोडून घ्या. "ती नाही म्हणाली नाही" याला संमती म्हणत नाहीत. जोडीदार भारतात आणि नाराज असेल, तर इथला एकतर्फी निकाल मिळवायला हजारो डॉलर घालण्याआधी भारतातच अर्ज करण्याचा विचार करा. परस्पर संमतीचा अर्ज भारतात करायचा झाला, तर तिथली सहा महिने थांबण्याची मुदत योग्य प्रकरणांत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे.

अर्ज टाकण्याआधी

आर्थिक माहितीच्या फॉर्मवर भारतातला फ्लॅट, एफडी, पीपीएफ सगळं लिहा. "ते इथे कुणाला कळणार" हा विचार सोडा. कॅलिफोर्नियात एका बाईने अर्जाच्या थोडं आधी लागलेली सुमारे १३ लाख डॉलरची लॉटरी लपवली. उघडकीला आल्यावर कोर्टाने सगळी रक्कम नवऱ्याला दिली. वरच्या कोर्टाने २००१ मध्ये ते कायम केलं. प्रामाणिकपणे सांगितली असती तर निदान अर्धी राहिली असती.

समन्सच्या मागच्या पानावर छोट्या अक्षरांत आदेश छापलेले असतात. ते कुणी वाचत नाही. दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलांना राज्याबाहेर न्यायचं नाही, त्यांच्यासाठी नवा पासपोर्टही काढायचा नाही, विम्यावरची नावं बदलायची नाहीत. अर्ज करणाऱ्यावर हे समन्स निघाल्यापासून लागू होतं. मे महिन्यात आजीकडे जायची तिकिटं आधीच काढलेली असतील तर जोडीदाराची लेखी संमती घेतल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका. मुलांना परस्पर नेण्याबद्दलच्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे इथले न्यायाधीश भारताच्या सहलीकडे जरा जास्तच बारकाईने बघतात.

पहिला कागद दाखल करायचं शुल्क कॅलिफोर्नियात साधारण ४३५ डॉलर आहे, उत्तर देणाऱ्यालाही तेवढंच. परवडत नसेल तर माफीचा अर्ज आहे. तो मागायला संकोच करू नका. प्रत्येक काउंटीत फॉर्म समजावून देणारं फुकट मदत केंद्र असतं. पोटगी आणि मुलांच्या खर्चाच्या कागदांत तिथली माणसं वकिलापेक्षा जास्त वेळ देतात, हा माझा अनुभव. सकाळी लवकर जा.

आणि काउंटी. कॅलिफोर्नियात दोघांपैकी एकाचं राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने वास्तव्य लागतं. टेक्सासमध्ये राज्यात सहा महिने, काउंटीत ९० दिवस. न्यू जर्सीत बहुतेक कारणांसाठी राज्यात एक वर्ष. भांडणानंतर फ्रीमाँटचं घर सोडून मिलपिटासला खोली घेतली, तर गाडीने दहा मिनिटांचं अंतर, पण अलामिडा काउंटी सोडून तुम्ही सांता क्लारा काउंटीत आलात. तीन महिने पुरे झालेले नसतील तर अर्ज जुन्या काउंटीत टाका, जोडीदार अजून तिथेच राहतो म्हणून तो चालतो. दोघंही नुकतेच दुसऱ्या राज्यातून आला असाल, तर कायदेशीर विभक्ततेचा अर्ज लगेच करता येतो, त्याला वास्तव्याची अट नाही, आणि मुदत भरली की तोच अर्ज घटस्फोटात बदलून घेता येतो. भाडेकरार आणि विजेचं बिल जपून ठेवा.